इमारत झाली, रुग्णसेवा कधी?

लेखमाला : सरकारी रुग्णालय उभं राहताना – लेखांक ४

मागच्या आठवड्यात आपण जागेची निवड आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतला पाया पाहिला. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यापासून पहिला रुग्ण दाखल होईपर्यंत जो काळ जातो, त्याचा विचार या लेखात करू. मोठमोठी रुग्णालयं नेमकी इथेच अडकतात.

अकोल्याचंच उदाहरण घ्या. इथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ साली सुरू झालं. पुढे प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात इथे सुपर स्पेशालिटी रुग्णालय मंजूर झालं. २०१३ साली मान्यता मिळालेल्या या टप्प्यात देशभरातली ३९ महाविद्यालयं होती. आपल्या राज्यातून अकोल्याबरोबर यवतमाळ, लातूर आणि औरंगाबादचा समावेश होता. प्रत्येक ठिकाणी १५० कोटींची तरतूद झाली. त्यात केंद्राचे १२० कोटी आणि राज्याचे ३० कोटी. इमारत आणि यंत्रं या पैशातून येणार होती. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि रोजचा खर्च मात्र राज्यानेच बघायचा होता.

घोडं अडलं ते इथे. अकोल्यात इमारत उभी राहिली, पण पदनिर्मितीची फाइल मागे राहिली. बांधकामाचा मार्ग ठरलेला असतो : प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश. पदांचा मार्ग वेगळा. आधी आकृतिबंध, म्हणजे कोणती आणि किती पदं लागतील याचा आराखडा, मग वित्त विभागाची संमती, मग शासन निर्णय आणि त्यानंतर भरती. कार्यादेश निघतो त्याच महिन्यात आकृतिबंधाचं काम हाती घेतलं, तर दोन्ही वाटा एकाच सुमारास मुक्कामी पोचतात. इमारतीला रंग लागल्यावर पदांची आठवण झाली, तर कुलूपबंद वॉर्ड ठरलेलेच. महालेखापरीक्षकांनी २०१८च्या अहवालात याच योजनेतल्या रखडलेल्या कामांवर आणि वापराविना पडून राहिलेल्या यंत्रांवर बोट ठेवलं होतं. यंत्र बसवून ठेवलं आणि चालवायला माणूस नसला, तर एकही रुग्ण न तपासता त्याच्या हमीची मुदत सरत जाते.

यंत्रांचंही वेळापत्रक असतं. एमआरआयचं चुंबक चार-पाच टनांचं असतं. ते आत नेईपर्यंत एक भिंत मोकळी ठेवावी लागते, नाहीतर बांधलेली भिंत फोडायची वेळ येते. ऑक्सिजनच्या तांब्याच्या नळ्या दाबाखाली तपासल्याशिवाय शस्त्रक्रियागृहाचं छत बंद करता येत नाही. म्हणून कोणती यंत्रं येणार, हे स्थापत्य अभियंत्याला नकाशा काढतानाच ठाऊक हवं.

आपल्या भागात पाण्याचा प्रश्न तर फार कळीचा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. तिथलं भूजल खारट आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णाचं चार तासांचं एक डायलिसिस करायला सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागतं. दिवसभरात वीस डायलिसिस करायची म्हटली, तर नुसतं शुद्ध पाणीच २४०० लिटर झालं. ते मिळवण्यासाठी कच्चं पाणी आणखी जास्त घ्यावं लागतं आणि शुद्धीकरणातून उरलेल्या क्षारांच्या पाण्याचीही सोय करावी लागते. हा हिशेब मूळ अंदाजपत्रकातच बसला पाहिजे. मागाहून बसवायला गेलं की सुधारित प्रशासकीय मान्यता आली, आणि तिच्यामागे आणखी एक वर्ष गेलं.

अग्निसुरक्षेत तर तडजोडच नको. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बाळं दगावली. तेव्हापासून ‘ना-हरकत नंतर घेऊ’ असं म्हणण्याचा अधिकार कुणालाही उरलेला नाही.

मग करायचं काय? माझ्या मते उपाय एकच : प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून एका अधिकाऱ्यावर संपूर्ण जबाबदारी टाकावी. सार्वजनिक बांधकाम विभाग, महावितरण, पाणीपुरवठा, यंत्रखरेदी आणि पदभरती या सगळ्यांचं एकच वेळापत्रक त्याच्या टेबलावर असावं. त्यातली शेवटची तारीख पहिला रुग्ण दाखल होण्याची असावी, उद्घाटनाची नव्हे. दर महिन्याला हे वेळापत्रक जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर लावावं, म्हणजे काम कुठे अडलं ते लोकांनाही कळेल.

अमरावतीला ही संधी आता चालून आली आहे. २०२४-२५ पासून तिथे १०० जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. इर्विन आणि डफरीन ही सरकारी रुग्णालयं आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण करणारं सुपर स्पेशालिटी रुग्णालय हा तिथला जुना आधार आहे. महाविद्यालयासाठी नवी इमारत बांधताना पदांची आणि पाण्याची फाइल वीट-सिमेंटच्या फाइलबरोबरच पुढे सरकवा, एवढी मागणी अमरावतीकरांनी आजपासून लावून धरावी. मेळघाटातून तासन्‌तास प्रवास करून येणाऱ्या बाईला इमारतीशी देणंघेणं नसतं, तिला आत डॉक्टर हवा असतो.

(पुढच्या आठवड्यात : निविदेतली सर्वांत कमी बोली आणि कामाचा दर्जा)