रस्ता आला, मालाचं मोल कोण ठरवणार?

अस्थिर प्रदेशांचं अर्थकारण : लेखांक ५

मागच्या लेखांकात आपण दक्षिण सुदान पाहिला. ९ जुलै २०११ रोजी हा देश स्वतंत्र झाला. जुबा ते निमुले हा पहिला मोठा डांबरी महामार्ग २०१२ मध्ये पुरा झाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये यादवी पेटली. तेल होतं, रस्ताही झाला. पण त्या तेलाच्या पैशावर गावाचा हात कधीच पडला नाही. मालाचं मोल कोणाच्या हातात, हाच प्रश्न घेऊन आज गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याला यायचं आहे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत, म्हणजे चौरस किलोमीटरला जेमतेम ७४ माणसं. वस्ती इतकी विरळ असली की रस्ता, वीज, दवाखाना सगळंच माणशी महाग पडतं आणि मागणी करणारा आवाजही क्षीण राहतो. वर्षानुवर्षं या भागाची रेल्वे म्हणजे वडसा स्थानक. कुरखेडा पट्ट्यात धान हेच मुख्य पीक. धान घरात आलं की पुढचे महिने मोहफुलं, तेंदू आणि बांबूवर काढायचे, नाहीतर मिरची तोडायला तेलंगणात जायचं.

इथला रस्ता रक्तानेही माखला आहे. १ मे २०१९ च्या पहाटे दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं माओवाद्यांनी जाळली. त्याच दिवशी जांभुळखेड्याजवळच्या सुरुंगस्फोटात जलद प्रतिसाद पथकाचे १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती हा ज्येष्ठ माओवादी नेता साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. बंदुकीची भीती ओसरते आहे, म्हणून मालाच्या मोलाचा प्रश्न आज अधिक निकडीचा आहे.

तेंदूपत्त्याचंच बघा. उन्हाळा लागताना झुडपं छाटली की कोवळी पानं फुटतात. मे महिन्यात घरची माणसं पहाटेच जंगलात शिरतात. दुपारी घरी बसून ७० पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी तो फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचा. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. फळीवर पुडे ओळीने उन्हात पसरतात, उलटतात; अवकाळी पाऊस आला तर पान काळं पडतं आणि भाव कोसळतो. या साखळीत ठेकेदार भाव ठरवतो तेव्हा गावाला मिळते ती फक्त मजुरी. ग्रामसभा स्वतः लिलाव करते तेव्हा मजुरीशिवाय रॉयल्टीही गावात येते.

हा अधिकार कुणाची मेहरबानी नाही. १९९६ चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा, आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी तो दिला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायला लागणारं वाहतूक परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला. हक्क कागदावर आला आणि माल मात्र गावातच अडकून राहिला, कारण परवान्याची किल्ली वनखात्याकडे होती.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. पूल आणि डांबर जितके गरजेचे, तितकीच हिशेब ठेवणारी, लिलावाच्या अटी वाचणारी, ठेकेदाराकडून थकबाकी वसूल करणारी ग्रामसभाही गरजेची. तीही पायाभूत सुविधाच आहे. रस्त्यावर कोट्यवधी खर्च होतात. ग्रामसभेला गोदाम, हिशेबनीस आणि खेळतं भांडवल देण्यासाठी त्याचा अंशही पुरेल. ते दिलं नाही, तर नव्या रस्त्यावरून माल बाहेर जाईल आणि त्यामागून माणसंही मजुरीला बाहेर जातील.

पुढच्या आठवड्यात : सुरजागडचं लोहखनिज आणि त्यातला गावाचा वाटा.