हाली रुपया आणि ढब्बू पैसा

सोलापूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या राजमार्गावर, नळदुर्गच्या अलीकडे, तुळजापूर तालुक्यात वसलेले अणदूर महाराष्ट्राला ठाऊक आहे ते खंडोबासाठी. कारण एकच देव वर्षाचा मोठा भाग अणदुरी आणि उरलेला काळ नळदुर्गास राहतो व उभय गावांचे मानकरी लेखी करार करून त्याला नेतात-आणतात, ही व्यवस्था अन्यत्र क्वचितच आढळेल. अंमलही या मुलखाने असेच अनेक पाहिले. आदिलशाही गेली, मोगलाई आली, मोगलाईतून निजामाची राजवट निर्माण झाली. मध्येच 1853च्या तहाने नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे गेला, मेडोज टेलरसारख्या साहित्यिक अधिकाऱ्याने त्याचा कारभार पाहिला, आणि 1860 साली तो पुन्हा निजामाच्या स्वाधीन झाला. प्रत्येक अंमलाने आपले नाणे येथे चालविले असल्याने, या परिसरात नाण्यांचा छंद धरणाऱ्यापुढे प्रारंभीच एक प्रश्न उभा राहतो: संग्रह चांदीचा करावा, की तांबे, कासे, निकेल अशा हलक्या धातूंचा?

चांदीच्या बाजूने पहिला साक्षीदार म्हणजे निजामाचा हाली रुपया. दिवाण सालारजंगाच्या कारकीर्दीत टांकसाळीची शिस्त लागली, 1858 नंतर दिल्लीच्या बादशहाचे नाव जाऊन आसफजाहचे नाव नाण्यावर आले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रावर पाडलेला, चारमिनारची आकृती असलेला देखणा रुपया प्रचारात आला. या चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असते: महबूब अली खानांच्या रुपयावर ‘मीम’, तर उस्मान अली खानांच्या रुपयावर ‘ऐन’. उर्दू न जाणणाऱ्यालाही एवढ्या खुणेवरून निजाम ओळखता येतो. आणि नाण्यावरील हिजरी सनास 0.97ने गुणून त्यात 622 मिळविले की इसवी सन बहुतांशी हाती लागतो.

हाली रुपयाचे वजन 11.178 ग्रॅम आणि त्यात चांदी हजारी 818 भाग, म्हणजे सुमारे 9.14 ग्रॅम, इंग्रजी कलदार रुपया 11.66 ग्रॅमचा आणि त्यात चांदी बारांत अकरा भाग, म्हणजे सुमारे 10.69 ग्रॅम. सोलापूरची पेठ इंग्रजी मुलखात आणि अणदूर निजामाच्या, त्यामुळे सरहद्द ओलांडणाऱ्या व्यापाऱ्याला या फरकाचा हिशेब करावाच लागे. शंभर कलदारांस 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, म्हणजे सहास सात, हा जो प्रसिद्ध भाव होता, तो वरील दोन आकड्यांच्या प्रमाणाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. हाली-कलदारांतल्या ज्या बट्ट्यास रयत सराफाची चलाखी समजत असेल, त्याच्या बुडाशी धातूचे असे सरळ गणित होते.

परंतु चांदीचा हा गुणच तिच्या नाशाला कारण झाला. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई पडताच हैदराबाद सरकारने 1918 साली कागदी चलन काढले, आणि पुढे एक आण्याचे नाणे तांबे-निकेलचे झाले. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी आणि हाली अशा दोन्ही रुपयांतील चांदी अर्ध्यावर उतरली. मग 1947 साली इंग्रजी रुपया केवळ निकेलचा झाला, आणि सुमारे त्याच वेळी निजामाची दोन, चार व आठ आण्यांची नाणीही निकेलची निघाली. जुन्या रुपयात धातू अधिक, म्हणून लोकांनी तो साठविला. लेकीच्या लग्नात आटवून त्याचे तोडे केले, कडी डाखून गळ्यातल्या माळेत ओवला, किंवा लक्ष्मीपूजनासाठी देव्हाऱ्यात ठेवला. देव्हाऱ्यातला रुपया तेवढा शाबूत राहिला. कडी डाखलेल्याचे संग्राहकाच्या लेखी मोल बरेच उतरते, आणि आटवलेल्याची तर गोष्टच संपली.

हलक्या धातूंच्या नाण्यांना मुशीचे हे भय फारसे नव्हते, आणि इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे अक्षर पुष्कळदा अधिक खरे ठरते. पेशवाईत मराठ्यांच्या टांकसाळीतून जे रुपये निघत, त्यांवर नाव असे मोगल बादशहाचे. तांब्याच्या शिवराईवर मात्र ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे देवनागरीत कोरलेली असत. सावकाराला पटावी म्हणून चांदी दिल्लीच्या नावाने चाले, तर बाजारकऱ्याच्या हाती पडणारे तांबे स्वतःच्या राजाचे नाव निःसंकोच सांगे. आदिलशाहीतही कोकणच्या व्यापारासाठी पाडलेल्या, तारेसारख्या वाकविलेल्या लारी वगळता चांदी विरळाच. देशावरचा रोजचा व्यवहार तांब्यावर होता. याच जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथे तर आपण सातवाहनांपर्यंत मागे जातो. त्या राजवंशाची बहुसंख्य नाणी शिसे, तांबे आणि पोटीन या मिश्रधातूची आहेत, आणि 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांत मोठा भाग क्षत्रप नहपानाच्या नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेल्यांचा होता.

व्यावहारिक बाजूनेही तांबेच नवशिक्याला अनुकूल. चांदीच्या नाण्याची किंमत धातूच्या भावाखाली सहसा जात नाही, हा तिचा आधार. पण त्याच कारणाने मोडीच्या भावात विकण्याचा मोह आणि बनावट नाण्यांचा सुळसुळाट तिच्याच वाट्याला येतो. हाली पै, सहा पै, मध्ये भोक असलेला इंग्रजी पैसा, तांब्याचा ओबडधोबड ढब्बू पैसा, हे सारे बेताच्या खर्चात जमते, आणि वर्षे, ठसे, टांकसाळी यांचे भेद ओळखण्याचा अभ्यास त्यांवरच उत्तम होतो. तांबे मात्र नाजूक आहे: चिंच-मीठ लावून उजळले की त्याची जुनी कांती जाते आणि किंमतही, दमट जागी हिरवा कळंक अक्षरे खातो, म्हणून कोरड्या कागदी पाकिटात प्रत्येक नाणे वेगळे ठेवावे. राम-सीतेची आकृती व 1818 सन असलेला ‘कंपनीचा आणा’ लाखोंचा म्हणून दाखविणाऱ्यास दुरूनच नमस्कार करावा. कंपनीने असे नाणे पाडलेच नव्हते. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपले नाव वापरून शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेनेही 2021 साली दिला आहे. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा 1878च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यास कळवावा लागतो, हेही विसरू नये.

तेव्हा निवाडा असा: आरंभ तांब्याने करावा, आणि घरातला एखादा चांदीचा रुपया त्याच्या शेजारी ठेवावा, कारण सरकारचा खजिना कसा चालला हे रुपया सांगतो आणि बाजार कसा चालला हे पैसा सांगतो. मात्र रुपयाच्या मागे निदान सराफाचा काटा उभा असतो. ढब्बू पैशाच्या मागे त्याच्या हकीकतीवाचून दुसरे भांडवल नाही. ते नाणे कोणत्या गावी, कोणाच्या घरी, कोणत्या निमित्ताने मिळाले, याची नोंद पाकिटावर त्याच दिवशी करावी. ती राहून गेली, तर पुढच्या पिढीच्या हाती तोळाभर तांब्याखेरीज काही उरणार नाही.