मृत्युविज्ञान

मृत्यू, मरणासन्न अवस्था आणि मागे राहिलेल्यांचा शोक यांचा पद्धतशीर अभ्यास करणारी ज्ञानशाखा. या अर्थाची पाश्चात्त्य संज्ञा रशियन जीववैज्ञानिक एल्या म्येचन्यिकॉव्ह यांनी १९०३ मध्ये प्रचारात आणली. वैद्यक, मानसशास्त्र, मानवशास्त्र, विधी इ. शास्त्रांशी ही शाखा निगडित आहे.

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये शोक व विषण्णता यांतील भेद दाखविला. शोक हा स्वतः विकार नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते. एरिक लिंडमान यांनी बॉस्टन येथील १९४२ च्या अग्निप्रलयानंतर शोकग्रस्तांचे निरीक्षण करून तीव्र शोकाची लक्षणे नोंदविली (१९४४). एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी नकार, क्रोध, सौदा, विषाद व स्वीकार या पाच अवस्था सांगितल्या (१९६९). त्या मुळात मरणोन्मुख रुग्णांविषयीच्या असून सर्व शोकग्रस्त त्याच क्रमाने त्यांतून जातात असे नाही. असाध्य रुग्णांच्या वेदनाशमनासाठी सिसिली साँडर्स यांनी लंडन येथे १९६७ मध्ये शुश्रूषागृह काढले. मुंबईत शांती अवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झाले.

शोक हा व्यक्तिगत असला, तरी त्याचा काल व स्वरूप समाज ठरवितो. महाराष्ट्रातील हिंदूंत सुतक, दहावा, तेरावा यांमुळे आप्तेष्ट शोकाकुल घरी एकत्र येतात व शोकास मर्यादा पडते. मुस्लिम विधवेस चार महिने दहा दिवसांची इद्दत असते. हिंदू विधवेच्या बाबतीत मात्र कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे यांसारख्या रूढींनी वियोगाचे रूपांतर आजन्म हीन दर्जात होत आले. या दर्जाविरुद्ध महात्मा फुले, धोंडो केशव कर्वे आदी सुधारकांनी कार्य केले.

मराठवाड्यात, जालना जिल्ह्यातील परतूरसारख्या कापूस पिकविणाऱ्या तालुक्यांत, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे हा प्रश्न अधिक बिकट झाला. शासकीय तरतुदीनुसार पात्र प्रकरणी वारसांस १ लाख रुपये साहाय्य मिळू लागले. तथापि कर्ज व नापिकी यांची कागदपत्रांनिशी छाननी होऊन पात्रता ठरत असल्याने शोकाच्या दिवसांतच पत्नीस मृत्यूचे कारण सिद्ध करावे लागते. कर्ज, शेतीवरील हक्क व मुलांचे शिक्षण यांचा भारही तिच्यावरच येतो.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला व त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. शोकग्रस्तास सांत्वनाइतकीच प्रतिष्ठा व निर्वाहाची शाश्वती आवश्यक असते, हे या अनुभवांवरून स्पष्ट होते.