अडतीस गुणांचा चकवा

युरोलीग बास्केटबॉलची 2014 ची अंतिम लढत मिलानमध्ये झाली. उपांत्य सामन्यात रिअल माद्रिदने बार्सिलोनाला 100–62 असं धुऊन काढलं होतं, तर मकाबी तेल अवीव सीएसकेए मॉस्कोविरुद्ध 68–67 असा जेमतेम तरला होता. साहजिकच पारडं रिअलचं जड वाटत होतं. पण जादा वेळेत गेलेला अंतिम सामना मकाबीने 98–86 असा जिंकला. कालच्या गुणफरकावरून उद्याचा निकाल सांगू नये, तो यासाठी. सामना एकतर्फी झाला की हरणारा संघ हात सैल सोडतो आणि फरक फुगतो. त्यात तीन गुणांचे फटके एखाद्या रात्री बसतात, एखाद्या रात्री नाही. त्यापेक्षा हंगामभर दर शंभर चढायांमागे संघाने किती गुण केले आणि किती दिले, हे पाहावं. यजमान संघाला थोडं झुकतं माप द्यावं. मिलानमध्ये तर दोघेही पाहुणेच होते.

‘मग ताज्या फॉर्मला किंमतच नाही का?’ आहे, पण एका सामन्याच्या चाळीस मिनिटांएवढीच. मुख्य खेळाडू जायबंदी असेल तर ती बातमी अडतीस गुणांहून मोलाची. आणि ‘जिंकण्याची शक्यता सत्तर टक्के’ असं म्हणणं ही पळवाट, हा आक्षेपही टिकत नाही: असे शंभर अंदाज नोंदवून ठेवा, त्यांतले सत्तरच्या आसपास खरे ठरले नाहीत, तर अंदाज सांगणारा उघडा पडतोच.