बाटलीवरचे वर्ष, वेलीची वर्षे

टिपू सुलतानाचे जन्मस्थान असलेले देवनहळ्ळी 2008 पासून बंगळुरूच्या विमानतळामुळे सर्वपरिचित झाले. तेथून दोड्डबळ्ळापूरकडे निघाले की नंदी टेकड्यांच्या परिसरात ग्रोवर यांचे द्राक्षमळे लागतात. ‘ला रिझर्व्ह’ ही तांबडी वाईन याच मळ्यांची देणगी होय.

वाईनच्या बाटलीवर छापलेले वर्ष हे द्राक्षे खुडल्याचे वर्ष असते, बाटली भरल्याचे नव्हे. त्या एका हंगामाचे ऊनपाऊस वाईनच्या चवीत उतरतात. फ्रान्समध्ये कडक थंडी वेलीला विश्रांती देते. येथे ते काम कात्रीला करावे लागते. नाशिक-सांगलीच्या बागाईतदारांच्या परिचयाची उन्हाळ्यातील खरड छाटणी आणि पावसाळा सरताना होणारी फळछाटणी येथेही चुकत नाही. त्यामुळे घड कोरड्या हवेत पिकतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरील गार रात्री द्राक्षातील आम्लता टिकवून धरतात.

खाण्याच्या द्राक्षाचा मणी टपोरा हवा. तांबड्या वाईनसाठी मात्र तो लहानच बरा. कारण रंग आणि तुरटपणा गरातून नव्हे, तर सालीतून येतो. कॅबर्ने सोविन्यो आणि शिराझ या दोन जातींच्या द्राक्षांपासून बनलेली ‘ला रिझर्व्ह’ फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरवली जाते.

उद्योजक कंवल ग्रोवर यांनी फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने अनेक जातींची पारख करून 1988 मध्ये सुमारे 40 एकरांवर हा मळा उभा केला. पहिली वाईन 1992 मध्ये बाजारात आली. पुढे बोर्दोचे मिशेल रोलां यांचे मार्गदर्शन लाभले. 2005 मध्ये ब्रिटनच्या ‘डिकँटर’ मासिकाचे स्टीव्हन स्पुरिअर यांनी ‘ला रिझर्व्ह’ची नव्या जगातील उत्कृष्ट तांबडी वाईन म्हणून निवड केली. मळा उभा राहिल्यापासून या पावतीपर्यंत 17 वर्षे लोटली होती! 2012 मध्ये नाशिक जिल्ह्यातील ‘व्हॅली द व्हँ’ ही कंपनी ग्रोवरमध्ये विलीन झाली आणि ‘ग्रोवर झाम्पा’ आकारास आली.

कर्जप्रस्ताव तपासताना आम्ही परतफेडीचा कालावधी प्रथम पाहतो. विमानतळानंतर देवनहळ्ळी परिसरातील जमिनींचे भाव वाढले. जमीन विकली तर रक्कम एका दिवसात हाती येते. वेल मात्र पहिल्या पिकासाठीच दोन-तीन वर्षे थांबायला लावते आणि एकदा उपटली की ती वर्षे पुन्हा शून्यापासून मोजावी लागतात. बाटलीवर वर्ष एकच छापलेले असते. त्यामागे गुंतवलेली वर्षे कोणत्याही ताळेबंदात दिसत नाहीत.