ताप आणि हजेरी

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला. १४ वर्षांची शाळकरी मुलगी. काही दिवसांतच शहरातल्या शाळा-महाविद्यालयांना कुलपे लागली.

कुलूप हा शेवटचा उपाय. त्याआधी महाविद्यालयाने काय करावे? मला विचाराल तर पहिली दुरुस्ती हजेरीपटात. फ्लूचा रुग्ण ताप येण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस इतरांना लागण करू शकतो. आणि आपली मुले? ७५ टक्के हजेरी भरावी म्हणून शेवटच्या बाकावर खोकत बसतात. गोळीने ताप उतरला, की वर्गात हजर! वास्तविक गोळी न घेता २४ तास ताप नसेल, तरच बाहेर पडावे. त्या दिवसांची हजेरी माफ, दाखल्याचा हट्ट नाही, अशी सूचना पावसाळ्याआधीच फलकावर लागली पाहिजे. लसही तेव्हाच, तिचा परिणाम व्हायला दोन आठवडे लागतात.

वसतिगृहाचे दुखणे निराळे. खोलीत तिघे-चौघे, आजारी मुलाने जायचे कुठे? दोन खोल्या राखून ठेवाव्यात, मेसचा डबा दाराशी पोचवावा. धाप लागली, तर अपरात्रीही रुग्णालयात कोण नेणार, हे आधी ठरलेले असावे.

आणि हो, साबण. कविसंमेलनांच्या निमित्ताने मी पुष्कळ वसतिगृहांत मुक्काम केला आहे. फिनेलचा वास सगळीकडे येतो. नळाशी साबणाची वडी मात्र क्वचितच दिसते.