उतरलेले वजन टिकवायचे कसे?

रमजान सरला की शव्वालच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घरोघरी एक वाक्य ऐकू येते. ‘रोज्यांत दीड किलो उतरले होते, ईद झाली आणि होते तिथेच आले.’ हा नुसता आपला समज नाही. रमजानमधील वजनावर अनेक देशांत जे अभ्यास झाले, त्यांचा एकत्रित निष्कर्षही हाच आहे. महिन्याभरात सरासरी एखादा किलो कमी होतो आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यातला बहुतेक परत येतो. रोजा ही इबादत आहे, वजन उतरवण्याचा उपाय म्हणून तो ठेवायचा नसतो. पण जे रोज्यांनंतर होते, तेच डाएटनंतरही होते. तीन महिने पोळी सोडली, भात सोडला, आठ किलो उतरले, सगळ्यांनी कौतुक केले. वर्षभराने पाहावे तर जुने कपडे पुन्हा कपाटाबाहेर आलेले असतात.

वजन उतरवण्याविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात. उतरलेले टिकवायचे कसे, हे सांगणारे थोडे. म्हणून या लेखात आपण फक्त या दुसऱ्या कामाविषयी बोलणार आहोत.

आमचे हरसूल हे त्र्यंबकेश्वर तालुक्यातले, गुजरातच्या हद्दीजवळचे डोंगराळ भागातले बाजाराचे गाव. आजूबाजूचे पाडे आदिवासी बांधवांचे. पाऊस जोराचा, पिके नागली, वरई, भात, उडीद आणि खुरासणीची. पावसाळा सरला की पाड्यांवरची माणसे गिरणारे, दिंडोरीकडे द्राक्षबागांत मजुरीला जातात. या भागाचे नाव वर्तमानपत्रांत येते ते कुपोषणासाठी. त्यामुळे ‘वजन जास्त आहे’ ही तक्रार इथे अनेकांना शहरी चोचला वाटते. पण दिवसभर गल्ल्यावर बसणारा दुकानदार, जीप चालवणारा तरुण, शिलाई मशीनवर वाकलेली बहीण, यांचे चालणे संपले आहे आणि ताटातले तेल मात्र वाढले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या २४ स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा २१ च्या आत होता.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा जोड फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांची उंची आणि वजन यांचे गुणोत्तर अगदी सारखे, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! म्हणजे बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटातही चरबी दडलेली असू शकते. म्हणून नुसता काटा पाहू नये, कंबरही मोजावी. स्त्रियांची कंबर ८० आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर ती धोक्याची खूण समजावी.

शरीर जुना हिशेब विसरत नाही

वजन परत का येते? ‘तोंड आवरत नाही म्हणून,’ असे आपण पटकन म्हणतो. विज्ञान असे म्हणत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न इथल्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अतिशय कमी आहारावर ठेवले आणि त्यांच्या रक्तातली भुकेची संप्रेरके तपासली. त्यांचा अहवाल २०११ साली आला. वजन उतरल्यावर भूक वाढवणारी संप्रेरके वाढली आणि पोट भरल्याचा निरोप देणारी घटली. हे अपेक्षितच होते. धक्कादायक गोष्ट अशी, की एक वर्षानंतरही ती पूर्वपदावर आली नव्हती. माणूस डाएट विसरला होता, पण शरीराला मात्र अजून दुष्काळच वाटत होता.

अमेरिकेत वजन उतरवण्याची टीव्हीवरची एक स्पर्धा गाजली होती. तिच्यातल्या १४ स्पर्धकांना डॉ. केविन हॉल यांच्या गटाने सहा वर्षांनी पुन्हा तपासले. २०१६ च्या त्या अहवालानुसार त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते, त्यातले ४१ किलो परत आले होते. शिवाय स्वस्थ बसले असताना त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होते.

याच गटाचा दुसरा अंदाज आपल्यासारख्यांना अधिक उपयोगाचा आहे. उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. म्हणजे पाच किलो उतरवलेल्या बाईला रोज चार-पाच चपात्यांची जास्तीची भूक लागते, आणि ती तिला रोजच परतवावी लागते. तिला ‘निग्रह नाही’ म्हणणाऱ्या घरच्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. तो मांडला म्हणजे ध्यानात येईल, की ही लढाई एकटीने निभावणारी नाही. घरातल्या सगळ्यांनी तिच्या बाजूने उभे राहायला हवे.

कोणते डाएट चांगले?

महाराष्ट्रात या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत बराच वाद झाला. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत सांगते, की दिवसातून दोनदाच जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही खाऊ नका आणि रोज ४५ मिनिटे चाला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगतात, की भुकेला धरून थोडे थोडे खा, आणि आजी-नानी खायची ते घरचे अन्न खा. मोबाइलवरच्या गटांतही या दोन पद्धतींवरून तट पडले. या भांडणात एक प्रश्न मागेच राहिला. तिसऱ्या वर्षी काय?

अमेरिकेत ८११ जणांना चार वेगवेगळे आहार देऊन दोन वर्षे पाहिले गेले. कुणात चरबी कमी, कुणात प्रथिने जास्त. २००९ च्या त्या अहवालात चारही गटांचा निकाल जवळपास सारखाच निघाला. बहुतेकांचे वजन पहिल्या सहा महिन्यांत उतरले आणि वर्षानंतर हळूहळू वाढू लागले. जे मार्गदर्शनाच्या बैठकांना नियमित येत राहिले, त्यांचा निकाल इतरांपेक्षा चांगला होता. तेव्हा डाएट निवडताना ‘यात किती किलो उतरतील’ हे नंतर विचारावे. आधी विचारावे, की ‘पाच वर्षांनी, वलीम्याच्या मोसमातही मी असेच जेवू शकेन का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर ते डाएट आपले नाही.

२०२५ पासून वजन उतरवण्याची नवी इंजेक्शने आपल्याकडेही मिळू लागली आहेत. डॉक्टरांनी दिली तर ती गुणकारी आहेत. पण सेमाग्लुटाइड या औषधाच्या मोठ्या अभ्यासात ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातले सुमारे दोन तृतीयांश परत आले. टिकवण्याचा प्रश्न पैसे मोजूनही सुटत नाही.

आणि टिकवले तर काय मिळते? ब्रिटनमध्ये मधुमेही रुग्णांचे वजन आहाराने उतरवण्याचा एक मोठा प्रयोग झाला. एका वर्षाने ४६ टक्के रुग्णांची साखर औषधांशिवाय आटोक्यात आली होती. दोन वर्षांनी असे ३६ टक्केच उरले. ज्यांचे वजन परत आले, त्यांच्यापैकी अनेकांचा मधुमेहही परत आला. ज्यांनी दहा किलोंहून अधिक घट टिकवून ठेवली, त्यांच्यातले ६४ टक्के दोन वर्षांनंतरही मधुमेहाच्या पकडीबाहेर होते. ज्या घरात अब्बांना साखर आहे आणि अम्मीचे गुडघे जिना चढू देत नाहीत, त्या घरासाठी हे आकडे मोलाचे आहेत.

ज्यांना जमले, त्यांनी काय केले?

अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंदवही ठेवली जाते, ज्यांनी किमान साडेतेरा किलो उतरवून एक वर्ष तरी टिकवले. तिच्यात दहा हजारांहून अधिक नावे आहेत. त्यांचे आहार निरनिराळे, पण सवयी बऱ्याचशा सारख्या. बहुतेक जण रोज सुमारे तासभर चालतात किंवा अंगमेहनत करतात. चारांतले तीन जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. सणासुदीला आणि एरवी त्यांच्या खाण्यात फार फरक नसतो. आणखी एक दिलासा या नोंदींतून मिळतो. दोन ते पाच वर्षे वजन टिकले, की पुढे ते टिकवणे सोपे जाते. आता हे आपल्या घरात कसे बसवायचे ते पाहू.

काटा आणि वही. जुम्याच्या दिवशी सकाळी, काही खाण्याआधी वजन करावे आणि वहीत लिहावे. काटा घरी नसेल तर दवाखान्यात किंवा ओळखीच्या दुकानात महिन्यातून दोनदा करावे. आपली एक हद्द ठरवावी. टिकवायच्या वजनाच्या दोन किलो वर काटा गेला, की त्याच आठवड्यात हात आखडायचा. दोन किलो परत फिरवता येतात. दहा किलोंसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

तेलाचा डबा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या ताटात माणशी रोज सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चार माणसांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलो झाले. डबा आणला की त्यावर तारीख लिहावी. तो किती दिवसांत संपतो, यावरून सगळे कळते. सालन तेवढेच चविष्ट होते, वर तरंगणारी तर्री मात्र काढून ठेवता येते.

दस्तरखान सगळ्यांसाठी एकच. एकट्या बाईसाठी वेगळी उकडलेली भाजी आणि बाकीच्यांना पुरी-कोर्मा, हे चार दिवस चालते. बदल पातेल्यात व्हावा. गोश्तात दुधी, भेंडी किंवा डाळ घालण्याची पद्धत आपल्या घरांत जुनीच आहे, ती वाढवावी. आमच्या भागातली नागलीची भाकरी बाजारात सहज मिळणाऱ्या पिठाची आहे. ती मैद्याच्या पावापेक्षा अधिक वेळ पोटाला आधार देते. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही हदीसमधली शिकवण आपल्याला पाठ आहे. ती ताट वाढतानाही आठवावी.

दावत. ‘भाभी, एवढंच? तब्येत बरी नाही का?’ हा आग्रह प्रेमाचा असतो, पण तोच भारी पडतो. दावत टाळू नये. बिर्याणी एकदाच वाढून घ्यावी, सोबत कांदा-काकडी जास्त घ्यावी, गोड दोन चमचे चाखावे आणि हात धुवावेत. यजमानांनीही विचारल्याशिवाय ताटात वाढू नये. वजन उतरलेल्या माणसाला ‘आजारी दिसतोस’ म्हणणेही थांबवावे.

चालणे. नमाजमध्ये शरीर हलते, पण ती इबादत आहे, तिला व्यायामाच्या हिशेबात धरू नये. फजरनंतरची अर्धी घटका चालायला उत्तम. स्त्रियांना एकटीने बाहेर पडणे अवघड वाटत असेल, तर गल्लीतल्या तिघी-चौघींनी मिळून निघावे. आमच्याकडच्या धो-धो पावसात रस्ता बंदच होतो. त्या दिवसांत ओसरीत, पडवीत किंवा जिन्यावर दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या माराव्यात. बाजारहाटाला गाडी काढू नये.

रमजान. इफ्तारीला खजूर, पाणी, फळे आणि मग साधे जेवण. भजी-समोसे रोज न करता आठवड्यातून एखादे दिवशी करावेत. शरबतातली साखर निम्मी करावी. ईदचा शीरखुर्मा ईदलाच, त्यानंतर पंधरा दिवस तो पातेल्यात राहू नये.

तीन गोष्टींची सूचना देणे आवश्यक आहे. ज्यांना इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा कमी करू नयेत, साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी वजन उतरवण्याच्या फंदात पडू नये. आणि काही प्रयत्न न करता वजन उतरत असेल, तर आनंद मानण्याऐवजी तपासणी करून घ्यावी. त्यामागे क्षयरोग किंवा मधुमेह असू शकतो.

यातले सगळे एकदम करायला जाऊ नये. या महिन्यात तेलाच्या डब्यावर तारीख लिहा आणि जुम्याच्या जुम्याला वहीत वजन मांडा, एवढेच पुरे. पुढच्या महिन्यात चालणे धरा. आणि घरात कुणी वजन उतरवले असेल, तर त्याचे कौतुक पहिल्या महिन्यात थोडे आणि दुसऱ्या वर्षी जास्त करा, कारण त्याला खरी गरज तेव्हाच असते.